रस्त्याची कड कोणाची?

(पुलगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गावाचे नावच पुलावरून पडले आहे, त्या गावात वाहतुकीने बाजारपेठेचे आणि दुकानांच्या इमारतींचे रूप कसे बदलले ह्याचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. वाटेत वर्धा नदी आडवी आली, तिच्यावर पूल झाला, आणि पुलाच्या आधाराने जी वस्ती वाढली ती पुलगाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे कापडगिरणी आली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आर्वीकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठी. म्हणजे पुलगाव हे रस्त्याने घडविलेले गाव नव्हे. ते रुळांनी घडविले. रुळांनी घडविलेल्या गावाचा बाजार एका तऱ्हेचा असतो, मोटाररस्त्याने घडविलेल्या गावाचा दुसऱ्या तऱ्हेचा. हा फरक नुसता दिसण्याचा नाही. बाजारात कोणाला बसता येते आणि कोणाला येत नाही, ह्याचा तो फरक आहे.

रेल्वेच्या गावात सगळे उतारू एका दारातून बाहेर पडतात. त्यामुळे स्टेशनासमोर मोकळी जागा, तेथे टांगे, दमण्या आणि बंड्या, मग धर्मशाळा, खाणावळ, चहाचे हॉटेल, आणि तेथून निघणारा एक सरळ रस्ता, ही विदर्भातल्या कितीतरी गावांची ठेवण झाली. ह्या रस्त्यावरचे दुकान पायी चालणाऱ्या माणसाच्या मापाचे असे. उंच जोते, पुढे ओटा, एकेक करून काढण्याच्या फळ्यांचे दार, आत गादीवर बसलेला दुकानदार, वर त्याचेच बिऱ्हाड. दुकानाचे तोंड आठ-दहा फुटांचे आणि खोली त्याच्या तिप्पट, कारण रस्त्यालगतचा प्रत्येक फूट मोलाचा. पाटी असली तर लहानशी, पुष्कळदा नसेच. गिऱ्हाईक दुकानदाराला नावाने ओळखत असे आणि दुकानदार गिऱ्हाइकाची उधारी तोंडपाठ सांगत असे. मग पाटी कोणासाठी लावायची? त्या बाजारात सावकारी होती, जातिभेद होता, वजनमापाची लबाडीही होती. परंतु ओट्याच्या पायरीपाशी फळांची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला तेथे जागा होती, कारण पायी चालणारा माणूस कोठेही थांबू शकतो.

मोटार आली ती आपल्यासारख्या गरीब देशात प्रथम चैनीची वस्तू म्हणून, आणि लगोलग सरकारी धोरणाचा विषय म्हणून. १९२७ साली मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. रस्ते बांधणे प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या आवाक्याबाहेर चालले असल्यामुळे मध्यवर्ती सरकारने तो भार उचलावा, असे ह्या समितीने सांगितले आणि १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. त्यानंतर १९४३ साली देशातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली ती येथून जवळ, नागपुरात. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही आज आपल्या तोंडी असलेली वर्गवारी ‘नागपूर योजने’ची आहे. कोणत्या रस्त्याला किती रुंदी, किती निधी आणि किती मान द्यायचा ह्याची ही उतरंड झाली, आणि रस्त्याकडेच्या व्यापाराचे भवितव्यही तिच्यात ठरून गेले. ज्या गावाला वरच्या वर्गाचा रस्ता लाभला त्याचा बाजार रस्त्याकडे सरकला. ज्याला लाभला नाही ते आठवडी बाजारावर राहिले.

मोटारीने इमारतींचे काय होते ह्याचा संपूर्ण नमुना पाहावयाचा तर अमेरिकेकडे वळावे लागते. तेथे ही प्रक्रिया कोणत्याही अडथळ्यावाचून शेवटापर्यंत गेली. १९२१ साली टेक्सास राज्यातील डॅलस येथे ‘पिग स्टँड’ नावाचे खाद्यगृह निघाले, जेथे गिऱ्हाइकाने मोटारीतून उतरायचेच नाही. नोकर पळत मोटारीपाशी येणार. १९२५ साली कॅलिफोर्नियात सॅन लुइस ओबिस्पो येथे मोटार खोलीच्या दाराशी उभी करण्याची सोय असलेले विश्रामगृह निघाले आणि मोटर व हॉटेल ह्या दोन शब्दांची मोडतोड करून ‘मोटेल’ हा नवा शब्द तयार झाला. मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये आपल्या खाद्यगृहातील पदार्थ कमी केले, वाढपी काढून टाकले आणि स्वयंपाकघर कारखान्याच्या साखळीप्रमाणे बसविले. १९५३ मध्ये इमारतीवर दोन पिवळ्या कमानी चढविल्या. त्या कमानी छपराला आधार देण्यासाठी नव्हत्या. धावत्या मोटारीतून लांबून दिसाव्यात एवढ्यासाठीच त्या होत्या. रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर ह्यांनी लास व्हेगासच्या रस्त्याचा अभ्यास करून १९७२ साली जे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत मांडली: रस्त्याकडेच्या इमारतींचे दोन प्रकार. एका प्रकारात सबंध इमारतच विकाऊ वस्तूचा आकार घेते. दुसऱ्यात साधी शेड असते आणि तिच्यापुढे भला मोठा नटलेला फलक. त्या लेखकांना त्यात सौंदर्य दिसले. आपल्याला अर्थशास्त्र दिसले तरी पुरे आहे.

हे अर्थशास्त्र एका साध्या गणितात सापडते. माणूस तासाला चार किलोमीटर चालतो, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटरदेखील नाही. दहा फुटांचे दुकान ओलांडायला त्याला जवळजवळ तीन सेकंद लागतात. तेवढ्यात तो आत डोकावतो, भाव विचारतो, थांबतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला २२ मीटर जाते. पाटी वाचून, विचार करून, वेग कमी करायला चालकाला चार सेकंद द्यायचे म्हटले तर ती पाटी सुमारे ९० मीटरांवरून वाचता आली पाहिजे. तेवढ्या अंतरावरून वाचायचे तर एकेक अक्षर निदान वीतभर उंच हवे. म्हणजे दुकानापेक्षा पाटीचा खर्च महत्त्वाचा ठरतो, आणि पाटीवर भरपूर खर्च करू शकणाराच दिसतो.

दुसरे गणित जागेचे. उभ्या मोटारीला सुमारे सव्वाशे ते दीडशे चौरस फूट जमीन लागते. आपल्याकडे नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती जे गाळे बांधतात त्यांतला दहा बाय बाराचा गाळा म्हणजे १२० चौरस फूट. एका मोटारीला उभे राहायला जेवढी जमीन लागते, तेवढ्यात एका कुटुंबाचे पोट चालविणारे दुकान मावते. मोटार वळवायची आणि बाहेर काढायची जागा धरली तर दुप्पट. मोटारवाल्या गिऱ्हाइकासाठी बांधलेले दुकान रस्त्यापासून मागे का सरकते आणि पुढे फरशीचे रिकामे मैदान का पसरते, ह्याचे उत्तर एवढ्यात आहे. ओटा गेला, अंगण आले. पण हे अंगण लहान मुलांच्या खेळण्याचे नव्हे. तेथे दुकानदाराखेरीज कोणी पथारी पसरली की रखवालदार येतो.

अमेरिकेत हे सर्व खाजगी मोटारीने केले. आपल्याकडे चित्र निराळे आहे. १९५१ साली सबंध भारतात नोंदलेली मोटारवाहने तीन लाखांच्या आसपास होती, त्यांत मालमोटारी, बसगाड्या सगळे आले. आज ही संख्या तीस कोटींच्या वर गेली आहे, पण तिच्यातला तीन-चतुर्थांश भाग दुचाकींचा आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मोटारगाडी असलेली कुटुंबे शंभरात साडेसात आढळली. उरलेल्या साडेब्याण्णव कुटुंबांच्या देशात मोटारवाल्यांच्या मापाचा बाजार उभा राहतो आहे, हा ह्या विषयाचा गाभा आहे.

आपल्या रस्त्याची कड प्रथम घडविली ती मालमोटारीने आणि एस.टी.ने. मालमोटारीचा चालक दिवसाचे बारा-चौदा तास रस्त्यावर काढतो. त्याला पोटभर जेवण, अंघोळीला पाणी, पाठ टेकायला खाट आणि गाडी डोळ्यांसमोर उभी करायला जागा हवी. ढाबा ह्या चार गरजांतून जन्मला आणि त्याची रचना अगदी प्रामाणिक आहे: पुढे मैदान, मध्ये खाटा, एका बाजूला पाण्याचा हौद, मागे चूल आणि वर पत्रे. देशाच्या फाळणीनंतर वाहतुकीच्या धंद्यात शिरलेल्या पंजाबी चालकांनी तो सर्वत्र नेला. वैदर्भीय रस्त्यांवर त्याला सावजी रश्श्याची जोड मिळाली. ढाब्याला वास्तुशिल्पी लागला नाही. त्याला लागली ती फक्त जागा, आणि ती बहुधा रस्त्याकडेच्या शेतकऱ्याची.

एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. विदर्भात तेव्हा निराळी प्रांतिक परिवहन सेवा होती. पुढे सारे एका महामंडळाखाली आले. तालुक्या-तालुक्याला जी बसस्थानके बांधली गेली, ती स्वतंत्र भारतात सरकारने रस्त्याकडेला उभी केलेली सर्वांत मोठी लोकोपयोगी वास्तुमालिका म्हटली पाहिजे. उंच छप्पर, सिमेंटचे बाक, पाण्याची टाकी, चौकशीची खिडकी, उपाहारगृह आणि भोवती गाळे. ह्या वास्तूंना सौंदर्याचे बक्षीस कोणी देणार नाही. त्यांची स्वच्छतागृहे तर कार्यकर्त्यांनी अनेक निवेदनांत वर्णिलेलीच आहेत. पण बसस्थानकाच्या दारापाशी पानठेला, आलूबोंड्याची गाडी, केळीवाली आणि चप्पल शिवणारा ह्या सर्वांना एकाच वेळी रोजगार मिळतो, कारण तेथे पंचवीस-पन्नास माणसे एकदम पायउतार होतात. ज्या वाहनातून माणूस पायउतार होतो ते वाहन लहान व्यापार जगविते. ज्या वाहनातून त्याला उतरावेच लागत नाही ते वाहन मोठा व्यापार जगविते. बस आणि मोटार ह्यांतला आर्थिक भेद एवढा सरळ आहे.

आता कायद्याकडे पाहू. रस्त्याकडेला इमारतींची माळ लागली की रस्ता तुंबतो, म्हणून ती रोखायची हा विचार इंग्लंडात १९३५ च्या कायद्याने आला. आपल्याकडे १९५५ च्या मुंबई महामार्ग कायद्यात तो उतरला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे खुल्या सपाट प्रदेशात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरांपर्यंत इमारत बांधता येत नाही आणि ७५ मीटरांपर्यंत बांधकामावर नियंत्रण असते. हेतू रास्त आहे. रस्त्यावरचे अपघात त्यामुळे कमी होतात हे कोणी नाकारू नये. पण ह्या रेषांचा आर्थिक परिणाम काय होतो? कायदेशीर दुकान रस्त्यापासून दूर, मोठ्या अंगणामागे उभे राहते, आणि तेवढी जमीन, बिनशेती परवाना आणि जोडरस्त्याची परवानगी ज्याला परवडते तोच कायदेशीर होतो. ज्याला परवडत नाही तो रस्त्याच्या हद्दीतच चार बांबू आणि ताडपत्री लावतो. तो अतिक्रमक ठरतो. २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण कायद्याने त्याला हटविण्याचे अधिकार अधिक धारदार झाले. एकाच नियमाने एकीकडे प्रशस्त दर्शनी भागाची हॉटेले आणि दुसरीकडे रात्रीतून उचलता येणारी टपरी, अशी दोन टोके निर्माण केली. टपरीला चाके का असतात, ह्याचे उत्तर वास्तुशास्त्रात नाही, ह्या कायद्यात आहे.

नागपूर-अमरावती रस्त्यावर, आपल्याच जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) आणि तळेगावच्या पट्ट्यात, हंगामात संत्र्यांची दुकाने लागतात ती पाहावीत. चार काठ्या, वर तुराट्यांचे किंवा कापडाचे छप्पर आणि पुढे रचलेले ढीग. तेथे पाटीची गरज नाही. फळाचा रंगच पाटीचे काम करतो. संत्रा उत्पादक मंडीच्या दलालाला टाळून थेट खाणाऱ्याला विकतो असे हे मोजके ठिकाण. हंगाम संपला की दुकान नाहीसे होते. वास्तुकलेच्या कोणत्याही ग्रंथात ह्या दुकानाला स्थान मिळणार नाही, परंतु शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे अधिक टाकणारी रस्त्याकडेची इमारत म्हणून त्याचा हक्क पंचतारांकित हॉटेलापेक्षा मोठा आहे.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत गावांच्या वेशींबाहेर दुसऱ्याही वास्तू वाढल्या. १९८३ च्या डिसेंबरात मारुती गाडी बाजारात आली, पुढे कर्जावर दुचाकी मिळू लागली, आणि तालुक्याच्या गावाबाहेर काचेच्या दर्शनी भागाची विक्रीदालने उभी राहिली. पुढून काच आणि ॲल्युमिनियमचा चकचकीत मुखवटा, मागून पाहिले तर तीच पत्र्याची शेड. व्हेंचुरींचा सिद्धान्त पडताळायला लास व्हेगासला जाण्याचे कारण उरलेले नाही. पेट्रोल पंपांचे छत्र असेच. १९७४ ते १९७८ ह्या काळात एस्सो, बर्मा-शेल आणि कॅलटेक्स ह्या विदेशी कंपन्यांचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा झाला. रंग आणि बोधचिन्हे बदलली, पंपाची घडण तीच राहिली. राष्ट्रीयीकरणाने मालक बदलला तरी वास्तूचा तर्क आपोआप बदलत नाही, हे समाजवाद्यांनीही ध्यानात ठेवण्याजोगे.

आणि लॉन! लग्न पूर्वी घरासमोरच्या मांडवात, धर्मशाळेत किंवा शाळेच्या पटांगणात होई. आता ते गावाबाहेरच्या रस्त्यावरच्या ‘लॉन’वर होते. त्याचे कारण हौस हे अर्धेच आहे. पाहुणे गाड्यांनी येतात आणि गाड्या लावायला गावात जागा नाही. म्हणून एकराच्या मापाची जमीन, सिमेंटच्या खांबांची राजवाडी कमान, आत हिरवळ. ज्याच्याकडे गाडी नाही अशा वऱ्हाड्याला रात्री जेवून परतायला वाहन मिळत नाही, आणि एका दिवसाच्या भाड्यापायी मुलीचा बाप कर्ज काढतो. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाची कारणे मोजताना हे कारण कोणी लिहीत नाही.

येथे दारूचा उल्लेख टाळता येत नाही, कारण रस्त्याकडेच्या इमारतींवर कायद्याचा हात कसा चालतो ह्याचे ते उत्तम उदाहरण आहे. गांधीजींच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. पुलगाव जिल्ह्याच्या काठावर. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा आणि तेथे बंदी नाही. बंदी असलेल्या जिल्ह्याच्या हद्दीवर पलीकडच्या बाजूला काय उभे राहते हे सांगण्यासाठी व्याख्यानाची गरज नाही. पुढे १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत दारूविक्री नको असा निर्णय दिला. ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावांपुरते ते अंतर २२० मीटर झाले. अंतर सरळ रेषेत मोजायचे की वाटेने, ह्यावर वाद झाले. केरळातील एका बारने आपल्या अंगणात भिंती घालून नागमोडी वाट बांधली आणि चालण्याचे अंतर वाढवून घेतले. कित्येक राज्यांनी महामार्गाचा दर्जाच काढून घेण्याचा मार्ग शोधला. दुकान जागचे हलले नाही. रस्त्याचे नाव हलले. टपरीवाल्यासाठी असा एखादा मार्ग शोधण्याची तत्परता मात्र कोणत्याही राज्याने दाखविलेली नाही.

आतापर्यंत ज्या रस्त्यांची चर्चा झाली, त्यांना निदान कड होती. पुढचा टप्पा कड नसलेल्या रस्त्याचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. सुमारे ९५ किलोमीटरांचा हा मार्ग दोन्ही बाजूंनी बंदिस्त. त्यावर दुचाकीला, तीनचाकीला, बैलगाडीला आणि पायी माणसाला प्रवेश नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पनवेलपासून लोणावळ्यापर्यंत वडापावाची, चिक्कीची, मक्याच्या कणसांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या वाढली होती. लोणावळ्याची चिक्की आगगाडीच्या खिडकीतून नावारूपाला आली आणि मोटारीने तिला दर्शनी दुकाने दिली. नव्या मार्गाने हा प्रवाह वळवला. ज्या दुकानांचे नाव झाले होते ती तगली, काही नव्या मार्गावरच्या फूड मॉलमध्ये गेली. बिननावाची होती त्यांना तेथे जागा नव्हती. फूड मॉल ही रस्त्याकडेची इमारत नव्हे. ती निविदेने दिलेली मक्तेदारी आहे. वाहनचालकाला पुढचे अनेक किलोमीटर दुसरीकडे थांबताच येत नाही, ह्या सक्तीवर तिचे भाडे ठरते आणि ते भाडे चहाच्या पेल्यातून वसूल होते.

अमेरिकेने हा अनुभव आधीच घेतला आहे. १९५६ च्या कायद्याने तेथे ४१ हजार मैलांच्या बंदिस्त महामार्गांची योजना आखली गेली. जुन्या रस्त्यांवरची गावे बाजूला पडली. ‘रूट ६६’ हा त्यांचा नामांकित रस्ता १९८५ साली अधिकृत यादीतून काढला गेला तेव्हा त्याच्या कडेची मोटेले आणि खाद्यगृहे अगोदरच ओस पडू लागली होती. आज त्या ओसाड पाट्यांची छायाचित्रे विकली जातात. श्रीमंत देशाला आपल्या उद्ध्वस्त बाजाराचीही पर्यटनस्थळे करणे परवडते.

आपल्या दाराशी हाच प्रश्न ‘समृद्धी’च्या रूपाने आला आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आपल्या जिल्ह्यातून तो जातो. त्यावर चढण्या-उतरण्याची दारे येळाकेळीला आणि पुलगावच्या उत्तरेला विरुळजवळ आहेत. ज्यांच्या शेताचा तुकडा मार्गात गेला त्यांना मोबदला मिळाला, काहींना चांगला मिळाला. पण उरलेले शेत महामार्गाला लागून असूनही त्याला दर्शनी बाजू नाही. मध्ये कुंपण आहे. पूर्वी शेताशेजारून रस्ता गेला की शेतकरी एक टपरी टाकीत असे, ढाब्याला जागा देत असे. आता त्याला फक्त गाड्यांचा आवाज ऐकायला मिळतो. मार्ग खुला झाला तेव्हा दीर्घकाळपर्यंत पुरेशी स्वच्छतागृहे आणि उपाहारगृहेदेखील नव्हती. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजाजवळ खाजगी प्रवासी बस पेटून पंचवीस माणसे गेली. त्या दुर्घटनेची कारणे पुष्कळ असतील आणि ती एका गोष्टीवर ढकलणे योग्य नव्हे. परंतु चालकाला थांबायला, चेहऱ्यावर पाणी मारायला आणि चहा घ्यायला दर काही अंतरावर ठिकाण असणे हा सुरक्षिततेचा भाग आहे, एवढे मान्य व्हायला हरकत नसावी. जुन्या रस्त्यावर हे काम बिनपगारी टपरीवाला करीत होता.

कोणी म्हणेल की हे वेगाच्या विरोधातले अरण्यरुदन आहे. तसे नाही. आजारी माणूस नागपूरच्या रुग्णालयात लवकर पोचतो आणि भाजीपाला नासत नाही, हा लाभ खरा आहे. बंदिस्त मार्गावर जागोजाग टपऱ्या सोडा, असेही कोणी शहाणा मागणार नाही. प्रश्न वेगळा आहे. रस्त्याच्या कडेला जो व्यापार होतो तो रस्त्यामुळे होतो, आणि रस्ता सार्वजनिक पैशाने आणि शेतकऱ्याच्या जमिनीवर झालेला आहे. मग त्या व्यापाराची जागा ही सार्वजनिक संपत्ती का मानू नये? तिचा लिलाव करून सर्वाधिक बोलीवाल्याला देणे हा तिचा एकच उपयोग कसा?

ह्याला आणखी एक बाजू आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, पाणवठे आणि रस्ते ह्यांचा उल्लेख एकत्र आला आहे; ह्यांपैकी कोठेही जातीमुळे मज्जाव करता येणार नाही. हा योगायोग नव्हे. परगावच्या रस्त्यावर पाणी न मिळणे आणि गाडीवाल्याने बसवून न घेणे हे काय असते ते डॉ. आंबेडकरांनी स्वतः भोगले होते आणि लिहूनही ठेवले होते. गावातल्या हॉटेलात वेगळी कपबशी ठेवली जात असे त्या काळातही मोठ्या रस्त्यावरच्या ढाब्यावर नाव-गाव विचारले जाण्याचा संभव कमी असे, कारण तेथे सगळेच अनोळखी. हा परिणाम कोणी ठरवून घडविला नव्हता. रस्त्याच्या वर्दळीने तो घडविला. फूड मॉलच्या दारात जात विचारत नाहीत हे खरे. पण तेथे चहाचा दर वाचूनच एस.टी.तला प्रवासी बाहेर उभा राहतो. एस.टी. महामंडळाला आपल्या अधिकृत थांब्यांवर तीस रुपयांत चहा-नाश्ता देण्याची योजना काढावी लागली, ती उगीच नव्हे.

आपल्या भागापुरते बोलायचे तर काम स्पष्ट आहे. विरुळच्या दारापासून पुलगावकडे आणि आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर आज-उद्या जमिनीचे व्यवहार वाढणारच. ज्याला आधी कळते तो आधी घेतो. तेथे बाजारासाठी, एस.टी.च्या थांब्यासाठी, स्त्रियांच्या स्वच्छतागृहासाठी आणि संत्री-भाजीपाल्याच्या थेट विक्रीसाठी जागा राखून ठेवण्याचे ठराव ग्रामसभांनी आताच केले पाहिजेत. व्यवहार पुरे झाल्यावर केलेल्या ठरावांना कागदाची किंमत उरते. गाळे बांधायचे तर त्यांची अनामत आणि बोली अशी नसावी की टपरीवाल्याला हटवून बांधलेल्या गाळ्यात दुसऱ्याच कोणाची पाटी लागेल. १९७९-८० पासून लहान व मध्यम शहरांच्या विकासाच्या केंद्रीय योजनेतून देशभरच्या नगरपालिकांनी व्यापारी संकुले बांधली. त्यांतले वरच्या मजल्यावरचे गाळे कित्येक ठिकाणी रिकामे राहिले, कारण पायी गिऱ्हाईक जिना चढत नाही. एवढी साधी गोष्ट नकाशा काढणाऱ्याने टपरीवाल्याला विचारली असती तर खर्च वाचला असता.

पुलगाव शहरापुरता हातात एक कायदाही आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाप्रमाणे नगरपरिषदेच्या क्षेत्रात पथविक्रेता समिती असावी लागते. तिच्यात निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांचे प्रतिनिधी आणि त्यांतल्या एक-तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी व्हावी आणि पाहणी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटवू नये, असेही त्यात आहे. हा कायदा मुख्यतः नागरी संस्थांचा विचार करून लिहिलेला असल्यामुळे महामार्गावरच्या खेड्यातल्या टपरीवाल्यापर्यंत तो पोचत नाही. ती दुरुस्ती विधिमंडळात आणि संसदेत मागावी लागेल. पण जेथे पोचतो तेथे तो वापरावा. नगरपरिषदेकडून शेवटच्या पाहणीची यादी मागवावी. त्या यादीत स्टेशनकडच्या आणि बसस्थानकाजवळच्या कोणाकोणाची नावे राहून गेली आहेत हे तिघा-चौघा कार्यकर्त्यांनी आठवडी बाजाराच्या दिवशी यादी हातात घेऊन फेरी मारली तर संध्याकाळपर्यंत समजेल.